तळपायाची चामखीळ

त्वचेच्या डॉक्टरांकडे शिंपीणबाई आपल्या नंबराची वाट पाहत होत्या. तपासून बाहेर आलेल्या मायलेकी शेजारच्या बाकावर टेकल्या.

“म्हणजे हे कुरूप नाहीच?”

“नाही गं आई, चामखीळ आहे. अंगाच्या भाराने आत दबते, म्हणून टोचते.”

“आणि मी मेली ब्लेडने तासत बसले!”

“तासलं की पसरते. औषध लावून धीर धर. माझीही गेलीच की.”

“तुला कधी झाली होती?”

“भांडून घर सोडलं तेव्हा होती. ओल्या फरशीवरून, दुसऱ्याच्या चपलांतून लागते म्हणे. पण तू तर एकटीच राहतेस. तुला कुठून लागली?”

“लागली असेल कुठून तरी.”

“आई, माझ्या बाथरूमच्या चपला कुठे आहेत?”

“आहेत.”

“कुठे?”

“माझ्या पायात असतात. तू गेलीस आणि घर खायला उठलं. त्या घालून चाललं की फटक फटक वाजायचं, तू चालायचीस तसं.”

शिंपीणबाईंनी मांडीवरची पिशवी उगाचच सारखी केली.

“आज टाकून दे त्या.”

“बरं.”

“जाताना नव्या घेऊ. तुला वेगळ्या, मला वेगळ्या.”

“तुझ्या चपला तू खोलीवर नेशील ना?”

“नाही. घरीच लागतील मला.”