तानाबाईंच्या कार्डावरचा खून

—नाई काका, त्या खुर्चीवर नका बसू, तिचा एक पाय लुळा हाय, इकडं दिवाणावर बसा. आजी लुगडं बदलून राह्यली. पेपरवाले फोटो काढाले येनार म्हटल्यापासून पेटीच उपसून राह्यली ती. तवर मले विचारा न, मी नात तिची, काजल, अकरावीत हाय, अन् आजीचं सगळं मले माईत असते. वाचनालयाची उत्कृष्ट वाचक — अख्ख्या अल्लीपुरातून आमची तानाबाई — वाचनालयाच्या हरिदास सरांनं माइकवर नाव घेतलं, अन् आमी दोघी एकमेकींकडं पाहून राह्यलो, पोटात हसू मावत नाई अन् हसताबी येत नाई. म्हंजे आनंदानं हो. आनंदानंच हसू येत होतं.

काय काय वाचते? काय नाई वाचत ते विचारा. मोठ्या मानसाच्या कार्डावर दोन पुस्तकं भेटतात. सध्या एक हाय हिमालयात एकटी फिरलेल्या बाईचं, ते मले लय आवडते — म्हंजे आजीले, आजीले आवडते — नाई, खरं सांगू, आजीले नाई आवडत, ती म्हन्ते ही बाई तंबूच ठोकून राह्यली, चालते कवा. तिले दुसरं पाह्यजे, खुनाचं. एका दवाखान्यातला खून हाय, लय भारी, वीज गेली तरी सोडवत नाई. आजीचा वहीम कंपाउंडरवर, माझा डॉक्टरच्या बायकोवर. काल त्याच्यावरून भांडलो तर भाजीत मीठ नाई टाकलं तिनं, मुद्दाम.

हे? हे इअरफोन माझे हायत. रॅप ऐकते मी — आपल्याकडचेच पोरं हायत, आपल्याच बोलीत गातात, मास्तरले, सरपंचाले, बापाले, कोनालेच सोडत नाई. शिव्या हायत, पन जागेवर हायत. आजीले गिरडच्या उरुसातली कव्वाली पाह्यजे, अन् विहारात भीमगीतं लागले का हातातलं काम टाकून निंगते. अन् काका, आमची एक गंमत हाय — हर पुस्तकाले आमी एक गानं लावतो. हिमालयाले बासरी. खुनाले माझं रॅप, पन शब्द काढून, नुसता ठोका, धडधड धडधड, अन् मी आवाज बारीक करून वाचते, आजी पाय जवळ घेऊन बसते. एक दिवस ऐन प्रेत सापडाच्या वक्ताले कव्वाली लागली. मी बंद कराले गेली तर आजी म्हन्ते, राहू दे, मेलेल्याले बरं वाटन. इतकी हसली मी का पुढचं वाचताच—

वाचताच येईना म्हटलं का मी? कवा कवा वाचते मी. मोतीबिंदू हाय न तिले, त्याच्यानं, जोराजोरात, कवा कवा—

तुमी पेन काऊन खाली ठेवला? लिहा न काईतरी.

बरं. समजलंच तुमाले. तिले सहीपुरतं येते. रात्रशाळेत शिकलती, तानाबाई लिहिते, झोकात लिहिते, अन् त्या सहीवर कार्ड काढलं आमी. मंग काय करू? माझंबी कार्ड हाय, विद्यार्थ्याचं, त्याच्यावर कादंबरी भेटत नाई. वाचनालयाच्या कमिटीनं ठरवलं — अठरा पूर्ण होईस्तोवर फक्त अभ्यासाचं अन् सामान्य ज्ञान. जिल्ह्यात तालुके आठ, मले झोपेत विचारा. मी कादंबरी मागितली तर म्हन्ले, बिघडशीन. शेजारचा पियुष दिवसभर मोबाईलवर काय पाह्यते ते त्याच्या मायले माईत नाई, त्याले कोनी म्हन्ते का बिघडशीन? कमिटीत बसनाऱ्यायनं शेवटची कादंबरी कवा वाचली ते विचारा न जाऊन, तुमी पेपरवाले हा.

पन हे छापू नका, काका. हात जोडते. छापलं तर कार्ड जाईन, अन् अठरा पूर्ण व्हाले दोन वर्षं हायत, दोन वर्षं मी तालुके मोजत बसू का? आजीले फक्त खुनाचं विचारा. कंपाउंडर म्हटलं का ती थांबत नाई, तुमची वही भरन. ती खोटं नाई बोलत, सगळं ऐकलेलं हाय तिनं, एकेक शब्द—

आली. ये आजी, इथं बस. मोरपंखी चांगलं दिसून राह्यलं तुले. हे काका, वर्ध्यावरून आले. हो काका, धरन न पुस्तक हातात. आजी, असं धर. — एक ओळ वाचून दाखवाची? आजीनं? आता कुठं, उजेड कमी हाय, डोळे हायत तिचे— आजी, तू काऊन बोलून राह्यली? मी सांगते न. आजी, गप.

झालं. ऐकलं तुमी. 'मले वाचता येत नाई, पोरगी वाचते अन् मी ऐकते.' कोनी विचारलं होतं तुले? काय? सत्काराले दुसऱ्याच्या कामाची शाल पांघरून स्टेजवर नाई बसनार? आजी, शालीचं नाई व माय, कार्डाचं हाय. तुले समजते का, पुस्तकं बंद होतीन. तुले समजते. अन् तरी.

बरं.

लिहा मंग काका. पन अर्धं नका लिहू. तानाबाई अडानी निघाली एवढंच छापसान अन् गाव दात काढन, तसं नाई जमनार. नियम लिहा, कमिटीनं केलेला, मोठ्या टायपात. सोळा वर्षांच्या पोरीनं वर्षभरात सगळ्यात जास्त पुस्तकं वाचली, अन् तिले आजीच्या नावाखाली लपून वाचा लागली, ते लिहा. माझं नाव पुरं लिहा. आजी ऐकते म्हून मी वाचते, हेबी लिहा. फोटो दोघींचा. हसू नको आजी, तोंड रागाचं ठेव. — राहू द्या, हसलेलाच राहू द्या.

चहा नाई टाकत, काका, राग नका मानू. सकाळी पेपर आला का हरिदास सर कार्ड मागाले येतीन, अन् खुनी अजून सापडला नाई. जाता जाता दार ओढून घेजा.

आजी, चष्मा कायले शोधून राह्यली, तुले ऐकाचं हाय न. कुठं होतो आपन — हां. कंपाउंडर कुलूप उघडते.