वळणावरचे नऊ आकडे

नाही नाही, कागद उचलू नकोस, राहू दे चटईवर – कोपऱ्यावर चहाचा पेला ठेव म्हणजे उडणार नाही. कळतंय गं मला. चाळीस वर्षं जाळी विणली मी, मला हे त्रिकोणांचं जाळं दिसणार नाही? हे बारीक बारीक त्रिकोण म्हणजे आमचे ओहोळ, आणि हे मोठे ऐसपैस म्हणजे भाताची शेतं. प्रत्येक गाठीला एक खोली टांगलेली – इथे दीड मीटर, इथे तीन – आणि मग तुझं ते यंत्र या जाळ्यावरून पूर सोडून बघतं, पाणी कुठवर चढेल ते सांगतं. बरोबर ना? बघ. दारेसलामला जाऊन शिकलो नाही म्हणून काय झालं! आणि यातले अर्धे आकडे तर माझेच आहेत. तुमची ती आवाजाने खोली मोजणारी लाँच उथळ पाण्यात शिरेना, तेव्हा या म्हाताऱ्या शोमारीलाच बोलावलंत ना – हातात खुणांचा बांबू, गळ्यात ते जागा टिपणारं डबडं, आणि वही. सतरा दिवस हिंडलो रुफिजी नदीवर, मगरींच्या शेजारून.

हो, विचारलंस ते ऐकलं मी. टाळत नाहीये. या वळणावर ओळीने नऊ वेळा सहा मीटर. नऊच्या नऊ. असतं गं कधीकधी, तळ सपाट असला की येतो एकच आकडा, त्यात काय – काय म्हणालीस? बांबू पाच मीटरचा आहे.

हं. बांबू पाचचाच आहे.

तुमच्या हपिसात कोणाच्या ध्यानात आलं नाही, आणि तू बरोबर पकडलंस. हुशार आहेस. चहा घे, गार होतोय. – खरं सांगू? टाकलाच नाही मी बांबू तिथं. होडी वरून नेली, नऊ जागी डबड्याचं बटण दाबलं, आणि वहीत लिहीत गेलो, सहा, सहा, सहा. अगदीच मनाचे नाहीत हं ते. होतं तिथं सहा. बारा वर्षांपूर्वी होतं. तेव्हा माझ्याकडे साडेपाचचा बांबू होता, तोही तळाला लागला नव्हता. एवढं कसं आठवतं म्हणतेस? आठवतं. माझी बायको गेली तिथं. म्वान्तुमू नाव तिचं. पाणघोड्याने होडी उलटवली – कोणालाही विचार गावात, सगळे हेच सांगतील. सांगणारच, मीच सांगितलंय त्यांना तसं.

हळू बोलू या जरा. ती चुलीपाशी आहे ना, ती झुहुरा, माझी लेक. तिकडे किन्याम्बेला दिलीये, शाळेला लागून घर आहे तिचं. तिलाही पाणघोडाच माहीत आहे.

पाणघोडा नव्हता गं. शेतावर चाललो होतो दोघं, पाखरं हाकायला, भात भरत आलं होतं. ती म्हणाली, आतल्या काठाने घ्या, बाहेर पाण्याला ओढ आहे. बस, एवढंच म्हणाली. आणि मी – मला नदी शिकवतेस? तुझ्या बापाने कधी वल्हं धरलं होतं का? – मुद्दाम बाहेरूनच घातली होडी. ती उलटून बोलली असती तर बरं झालं असतं. ती गप्प बसली. तेच मला झोंबलं. म्हटलं, दाखवतोच हिला केवढंसं पाणी आहे ते, आणि उभा राहिलो, आणि बांबू सोडला खाली – आणि तो लागेचना. जातच राहिला. त्याच्याबरोबर मीही वाकत गेलो. एका खोडातून कोरलेली होडी ती, तिला उलटायला काय लागतं? मी वर आलो तेव्हा बांबू हातातच होता. तिच्यापुढे धरला. तिने पकडला – पकडला होता गं तिने, दोन्ही हातांनी, मी ओढतही होतो – शेवाळलेला, बुळबुळीत बांबू. सटकला. चार दिवस सगळं गाव नदी धुंडाळत होतं, काही म्हणता काही हाती लागलं नाही. नमाज पढली तिच्यासाठी, पण कबर कुठली? आमच्यात तीन मुठी माती टाकतात. ती मी कुठे टाकू – पाण्यात? म्हणून तिथं बांबू टाकत नाही मी. बाकीची सगळी नदी मोजून देतो, सांगशील तिथं. पण त्या वळणावर बांबू खाली सोडला, की वाटतं, आता खालून कोणीतरी धरणार.

आणि आता तू म्हणतेस, तुझ्या यंत्रातलं पाणी त्या सहा मीटरांत मुकाट सामावतं आणि किन्याम्बेची शाळा कोरडी राहते. आणि त्या हिशेबाने तिथे घालायचा बांध ठेंगणा धरलाय. अगं, गेल्या मोठ्या पावसात पाणी शाळेच्या खिडक्यांना लागलं होतं! झुहुराने पोरं पत्र्यावर चढवली होती, मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणजे माझ्या या नऊ आकड्यांपायी माझीच नातवंडं – नको. नको, बोलू नकोस.

थांब. थांब जरा. पाणी एवढं चढलं, म्हणजे खाली जागा उरलेली नाही. जागा नाही म्हणजे – भरलंय का ते? वळण? – तरीच वरच्या अंगाला काठ फुटल्यापासून तिथलं पाणी मंदावलंय म्हणतात. मी बघतच नाही ना तिकडे, मान फिरवून जातो. किती भरलं असेल गं? तुझ्या हिशेबाने? – चार मीटर. चार मीटर वाळू. माझ्या डोक्यावरून पाच हात वर. बारा वर्षं नदीच टाकत बसली होती म्हणायची. आणि मी इकडे मातीचा घोर लावून घेतलाय.

उद्या सकाळीच जा. सलूम नेईल, माझा पुतण्या, बरा चालवतो होडी. नऊच्या नऊ जागी मोज, माझे आकडे खोडून टाक, बांध उंच करायला सांग. माझं नाव घातलंस तरी चालेल. मी नाही येणार. फक्त बांबू अलगद टेकव, खुपसू नकोस. आणि हे बघ, वाळू लागली तर परत इकडे ये, किती आहे ते सांग मला. नाही लागली – जातच राहिला खाली – तर सरळ दारेसलामची बस धर. मला काही कळवू नकोस.

आलीस का, झुहुरा? – नाही गं, कुठं काय, नदीचंच चाललं होतं. पाहुणी निघालीच आहे.