गोदामावशींचं मत

मंडळी, एक सांगा मला! आपण माणसाला विचारतो, ते त्याचं ऐकायला — की आपलं ठरलेलं त्याच्या तोंडून वदवून घ्यायला? काय पेटीवाले? घरी भाजी कोण ठरवतं? — मान खाली घातली! कळलं, कळलं! उत्तराची घाई नको. आधी ऐका.

बार्शीत एक शिवणघर. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या नऊ बायका. त्यांच्या म्होरक्या रत्नमालाताई ढगे. बाई कामाला वाघीण! मनानं चांगल्या, पण मत असं पक्कं — की देवानं जरी सुचवलं, तरी म्हणतील, "बघू!"

जूनची घाई संपली. ठरलं — रविवारी सगळ्यांनी मिळून सिनेमा! आता सिनेमा बघणं सोपं हो, ठरवणं अवघड! लग्न एक वेळ लवकर ठरतं!

ताई म्हणाल्या, "गंभीर, घरगुती बघू. शिकण्यासारखं काही."

शकीला उसळली, "ताई, आठवडाभर घरगुतीच बघतो की! विनोदी बघू!"

झालं! चार ताईंकडं, चार शकीलाकडं. नववं मत कुणाचं? गोदामावशींचं! काजबटण करणाऱ्या, साठीच्या, गरीब गाय. काहीही विचारा, उत्तर एकच — "तुम्ही ठरवाल ते."

ताई मनात म्हणाल्या, मावशी तर आपल्याच! जेवणाच्या सुट्टीत मशिनी बंद होत्या. बाकीच्या डबे धुवायला गेलेल्या. ताई मावशींच्या पाठीमागं उभ्या राहिल्या. "मावशी, माझाच सिनेमा चालेल ना?"

उत्तर नाही.

"मावशी!"

नाही! सुईत दोरा ओवणं चालूच.

ताईंचा पारा चढला. मला उत्तर नाही? शकीलानं फितवलं वाटतं! खांद्यावर हात ठेवला मात्र — मावशी अशा दचकल्या, की सुई खाली!

आणि मंडळी, ताईंच्या लक्षात आलं. ही बाई रुसलेली नाही. हिला ऐकूच येत नाही!

"कधीपासनं?" समोर बसून ताईंनी विचारलं.

मावशी त्यांच्या ओठांकडं बघत म्हणाल्या, "चार वर्षं झाली. इथं मशिनीच्या आवाजात सगळ्याच ओरडता, तेवढं कळतं. बाकी ओठांवरनं. थेटरात मात्र काही उमगत नाही गं. मागल्या वर्षी तुम्ही हसलात, की मी हसायचे."

ताईंना आठवलं. त्याच दिवशी सगळ्यांदेखत त्या म्हणाल्या होत्या, "मावशींची ट्यूबलाइट उशिरा पेटते!" आणि त्या वेळीही मावशी हसल्या होत्या... 

"मग सांगितलं का नाहीत?"

"तू विचारलंस कुठं? दरवेळी 'चालेल ना' म्हणतेस. 'चालेल ना' म्हटल्यावर 'नाही' कसं म्हणायचं?"

अहाहा! मंडळी, चार पोथ्या वाचून जे कळत नाही, ते काजबटणवाली एका वाक्यात सांगून गेली!

ताईंनी आता नीट विचारलं, "मग तुम्हाला कुठला बघायचाय?"

मावशी लाजल्या. "मारामारीचा! मोटारी उडतात, माणसं भिंतीतनं आरपार जातात — सगळं डोळ्यांनी कळतं!"

आता ताईंना मारामारीचा तिटकारा! तरी म्हणाल्या, "ठरलं. बाकीच्यांना सांगू?"

"मीच सांगते," मावशी म्हणाल्या. आणि सांगितलं — कानाचंही, सिनेमाचंही. मग शकीला जवळ आली, मावशींना दिसेल असं समोर उभं राहून म्हणाली, "मग मारामारीच!"

रविवारी थेटरात काय सोहळा! पहिल्याच फटक्याला ताईंनी डोळे गच्च मिटले. तेव्हा मावशी त्यांच्या कानाशी लागल्या. पण स्वतःला ऐकू येईना, मग आवाज केवढा? साऱ्या थेटरला ऐकू गेलं — "रत्ना, मेला तो! उघड डोळे!"

अख्खं थेटर हसलं. ताईही हसल्या, आणि मावशींचा हात त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही.

आता तुमचं सांगा! "मला काहीही चालेल" म्हणणारं माणूस तुमच्या घरात आहे की नाही? आई असेल, सून असेल. शेवटचं कधी विचारलंत तिला? देवापुढं बसतो, तो काही बोलत नाही, तरी तास तास थांबतो! मग बोलू शकणाऱ्या माणसापुढं दोन मिनिटं थांबायला काय होतं? आज घरी गेलात, की समोर बसा. "तुला काय हवं?" एवढंच विचारा — आणि उत्तर येईपर्यंत तोंड उघडू नका! त्या सावळ्याला ही सेवा पोचते, माझ्याकडनं लिहून घ्या. लावा टाळी, आणि घ्या त्याचं नाव — विठ्ठल, विठ्ठल!