जमादाराचा राग

…आन भरल्या आवारात त्यो मुन्शी मला इचारतोय, "गुस्सा आता है क्या?" आता तुमाला सांगतो, दिवसभर कापसाच्या गाठी उचलणाऱ्या हमालाला हे इचारायचं? आसं आसतंय का कुठं!

निजामाचं राज्य होतं वो तवा. परभणीला सांबप्पा मालकाची जीन, म्हंजे कापसातली सरकी काढायचा कारखाना. मालक लय मोठा माणूस! नवा गडी आला की त्याला जेवायला बसवायचे. गरम भाकर, जहाल ठेचा, आन पाणी मुद्दाम उशिरा! जो बोंबलला तो हमाल. जो गप नाक पुसत बसला तो काट्यावर, कापूस तोलायला. आन जो उठून समद्यायला पाणी वाढायला लागला, तो जमादार, समद्या हमालायचा मुकादम! मी? मी बोंबललो. तक्रार न्हाई माझी… त्या ठेच्याची याद आली की अजून तोंडाला पाणी सुटतंय.

पण मालक थकले, आन त्यांचं पोरगं भीमाशंकर, आमचे धाकले मालक, हैदराबादेहून आले ते सवालनामा घिऊनच! जमादाराची जागा रिकामी, तर म्हणले, "आता माणूस शास्त्रानं पारखायचा." आसं आसतंय का कुठं! माझी तर कंबर गेलती वो. जमादारकी मिळाली तर गाठी उचलायच्या सुटणार, न्हाईतर जीन सोडून गावाकडं परत… आन तिथं कोण बसून खाऊ घालतंय?

आमाला कुठं लिवता येतंय? मग जीनचे कारकून मुन्शीजी ते उर्दू सवाल वाचणार, मोठ्यानं, समद्यायसमोर! "लिंबाजी! गुस्सा आता है? अक्सर, कभी कभी, या कभी नहीं?"

मी गरीब तोंड करून म्हणलं, "कधीच न्हाई जी."

तर आमची मनकर्णा, माझी बायको, तिथंच कापूस निवडायला हुती, मागून वरडली, "कधीच न्हाई? आन परवा पातेलं कुणी फेकलं वो?"

समदे हसायलेत! एक म्हणतोय, "अक्सर लिवा, मुन्शीजी!"

"अकेले रहना पसंद है?"

"जी, घरात पाय पसरायला जागा न्हाई, एकटं ऱ्हाऊन कवा बगू?"

"अंधेरे से डर?"

"न्हाई!"

"मग रातच्याला भाईर जाताना मला कामून उठवताव?" …मनकर्णाच!

आन त्यो शिवरुद्र, चारठाण्याचा नवा गडी. त्याला राग न्हाई, भीती न्हाई, काळजी न्हाई! आसा तर मेलेलाच माणूस आसतोय की! पण त्याला खोडून काढायला घरचं कुणी नव्हतं ना तिथं… झाला जमादार!

आता गंमत बगा. पहिल्याच दिवशी गड्यायनी गाठ हौदात पाडली. शिवरुद्र लालबुंद, पण बोलंना! बोलंल कसा? राग येतच न्हाई म्हणून लिवून दिलेलं, आन धाकले मालक खिडकीतून बगायलेत! माझ्या कानात म्हणतोय, "लिंबाजीदादा, माझ्या वाटचं जरा तुमी रागवा की!" रागवलो. आसा रागवलो की झाडावरचे कावळे उडाले! तवापासून गाठी उचलायच्या सुटल्या. त्याच्या बाजूला बसायचं, त्यानं डोळा मारला की वरडायचं. जमादारकी त्याची, राग माझा! आसं आसतंय का कुठं!

लय चांगले दिवस वो ते… जीन गेली, मालक गेले, मनकर्णा बी गेली. परवा दवाखान्यात ती नर्सबाई इचारती, "आजोबा, राग येतो का?" म्हणलं, "कधीच न्हाई." आन सवयीनं मागं वळून बगितलं… कुणीच वरडलं न्हाई. बाईनं गुमान तसंच लिवून घेतलं की वो! आसं आसतंय का कुठं…