दुपारी बघितलेला फ्लॅट

फ्लॅटचं बुकिंग करायला निघालेली फेथ शिरूरच्या स्टँडवर कोरेगावच्या गाडीची वाट बघत होती. मागच्या बाकावर एक म्हातारं जोडपं हुज्जत घालत बसलं होतं.

“लिफ्ट बघितली, पार्किंग बघितलं, रेराचा नंबर बी बघितला. आता आनखी काय बघू?”

“ऱ्हायला कोण हाय तिथं?”

“कुणी न्हाई. समदं नवंकोरं हाय.”

“बांधून किती दिस झालं?”

“झाली आसतील तीनेक वरसं.”

“आवो, मेंढरं बसवायच्या आदुगर तुमी काय इचारायचा? हितं कुणाची मेंढरं बसली हुती, आन् ती का उठली?”

“अगं, ते रान हुतं. ह्यो फ्लॅट हाय. कंपनीतली पोरं भाड्यानं येत्यात म्हणला तो बिल्डर.”

“मग तीन वरसं कुठं गेलती ती पोरं?”

“आता मला काय ठावं! उगं डोस्कं फिरवू नगंस.”

“दिवेलागणीला गेलता का? खिडक्यांत उजेड दिसला का कुठं?”

“दुपारी गेलतो. त्यांनीच गाडी धाडली हुती.”

फेथचा फोन वाजला. नवरा होता.

“मिळाली का गाडी?”

“समोरच लागलीय. रॉबिन, आपण फ्लॅट बघायला कधी गेलो होतो रे?”

“दुपारीच की. त्यांनीच नव्हती का गाडी पाठवली?”