चौथा प्रश्न

(नाहूर, १९८६. क्षमाचा दहावीचा क्लास. बाकं रिकामी, टेबलावर प्रिलिमच्या उत्तरपत्रिका.)

क्षमा : म्हणून तुम्हाला बोलावलं सर. चौथ्या प्रश्नाची पार वाट लागलीय. अठ्ठेचाळीस पोरं, आणि उत्तरं बघा नुसती!

भाऊ सर : बघू. दोन क्ष अधिक तीन य बरोबर सात. चार क्ष अधिक सहा य बरोबर पंधरा. सोपं तर आहे गं!

क्षमा : पहिल्याची दुप्पट करा ना.

भाऊ सर : चार क्ष अधिक सहा य बरोबर... चौदा.

क्षमा : आणि खाली पंधरा आहे.

भाऊ सर : डावी बाजू दुप्पट झाली, उजवी नाही. एकच बेरीज चौदा पण आणि पंधरा पण? क्षमा, याला उकलच नाही!

क्षमा : नाही.

भाऊ सर : क्ष दोन, य एक धरून केलं होतं मी. खाली सात य हवं होतं, सहा पडलं हातून. बत्तीस वर्षं शाळेत पेपर काढले, असं कधी झालं नाही गं.

क्षमा : जाऊ दे ना सर. मुद्दाम घातलं होतं म्हणून सांगते पोरांना. उकल आहे की नाही, ते ओळखायचं होतं.

भाऊ सर : ओळखलं कोणी?

क्षमा : एकट्या कुंदानं. बाकीच्यांनी ओढूनताणून उत्तर आणलंय. सरांचं गणित म्हणजे सुटणारच, असं डोक्यात बसलंय त्यांच्या.

भाऊ सर : काय लिहिलंय तिनं?

क्षमा : 'दुप्पट केल्यावर चौदा येतात, पंधरा नाही. म्हणून उत्तर निघत नाही. माझंच काहीतरी चुकलं असेल, सर, माफ करा.'

भाऊ सर : बरोबर असून पोर माफी मागतेय, आणि मी मुद्दाम घातलं म्हणून मिरवू? छे! उद्या क्लासला येतो, सगळ्यांसमोर सांगतो चूक माझी होती म्हणून. तिला पूर्ण मार्क दे. बाकीच्यांचे कापू नकोस.

क्षमा : बरं सर.

भाऊ सर : आणि यापुढे पेपर तूच काढ. रिटायर झाल्यावर तेवढंच एक काम उरलं होतं, पण आता भीती वाटते.

क्षमा : मी नाही काढणार. तुम्हीच काढायचा.

भाऊ सर : अगं, पुन्हा चुकलो तर?

क्षमा : छपाईची स्टेन्सिल कापायच्या आधी सगळी गणितं सोडवून बघायची असतात, ते माझं काम. दुसऱ्या कोणाचा पेपर असता तर बघितला असता. तुमचा होता, म्हणून बघितलाच नाही, सर.