पिंपापासून परतताना

भाऊ : …मग धाकटी मला म्हणते, मामा, तू शटल मारतोयस की माश्या हाकतोयस? दोघींनी मिळून धुऊन काढलं मला. आता बायकोला पाठवलंय त्यांच्याशी खेळायला. थांब हं ताई, दाजींची व्हीलचेअर जरा झाडाखाली घेतो. ऊन सरकलंय त्यांच्यावर.

ताई : राहू दे. तिथून त्याला मुलींचा खेळ दिसतोय. तू बस इथं.

भाऊ : नेट सैल झालंय, ते ओढून—

ताई : बस म्हटलं ना.

भाऊ : बसलो. काय झालं? तोंड का असं?

ताई : तळ्यात पोहणाऱ्यांच्या खुणेला सोडलेली पिंपं कधी काढणार आहेत?

भाऊ : मंगळवारी म्हणे. आजचा शेवटचा रविवार. उद्या मुलींची शाळा, आणि माझ्याही मागे पाच इमारतींच्या लिफ्टची दुरुस्ती लागलीय. संपला उन्हाळा.

ताई : मागच्या वर्षी याच रविवारी तुम्हा दोघांची पोहायची शर्यत होती.

भाऊ : ताई, आज कशाला तो विषय? मुली खूश आहेत, दाजी खूश आहेत—

ताई : तो बोलायला लागलाय.

भाऊ : माहितीय की. मघाशी मला ‘बेडूक’ म्हणाले. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! माझ्या पोहण्यावरून अकरा वर्षं चिडवलं त्यांनी मला, आणि पहिल्या चार शब्दांत तोच शब्द परत आला.

ताई : चार नाही. बरेच आलेत. ती बोलायला शिकवणारी बाई म्हणाली, त्याला रोज एक गोष्ट विचारा आणि उत्तर येईपर्यंत मध्ये बोलू नका. गुरुवारी मी त्या दिवसाचं विचारलं. पाऊण तास लागला. मी मध्ये बोलले नाही.

भाऊ : बरं.

ताई : ‘बरं’ काय? विचार ना, काय म्हणाला ते.

भाऊ : काय म्हणाले?

ताई : तू सांग. पिंपाला हात लावून परत फिरलात. तू पुढे होतास. अकरा वर्षांत पहिल्यांदा. मग?

भाऊ : मग काय, मी धक्क्याला पोचलो, मागे बघितलं तर दाजी दिसेनात. मग मी ओरडलो, ते होडीवाले धावले. शंभर वेळा सांगितलंय मी.

ताई : आणि त्यानं हाक मारली ती?

भाऊ : कानात पाणी होतं. ऐकू नाही आलं.

ताई : तू वळून बघितलंस.

भाऊ : कोण म्हणतं?

ताई : ज्याच्याकडे बघितलंस तो म्हणतो. ‘थांब रे, हात चालत नाही,’ असं ओरडला तो. तू थांबलास, मान वळवलीस, तुमची नजरानजर झाली. आणि तू पुढे गेलास. अर्धांगाचा झटका आल्यावर पाण्यात गेलेला वेळ फार महाग पडला, डॉक्टर म्हणाले होते. मी तेव्हा मनात म्हटलं, याला कोण काय करणार.

भाऊ : ताई, मला वाटलं ते फसवतायत.

ताई : म्हणजे ऐकू आलं होतं.

भाऊ : आलं होतं. पण तू त्याच्या आदल्या वर्षीचं आठव की! पायात गोळा आला म्हणून ओरडले, मी जीव खाऊन मागे गेलो, आणि हे माझ्या शेजारून खदखदत हसत पुढे! वर्षभर तोच किस्सा. तुमच्या घरी जेवायला बसलो की तोच, माझ्या लग्नात माझ्या सासऱ्यांना तोच. ‘आमचा बेडूक कसा गंडला.’ तू पण हसायचीस.

ताई : हसायचे.

भाऊ : मग? पुन्हा ओरडले तर मी काय समजायचं? मी बघितलं, चेहरा जरा वाकडा दिसला. म्हटलं, सोंग करतायत. यंदा नाही फसायचं. धक्का समोर दिसत होता गं.

ताई : पोचल्यावर तू दोन्ही हात वर केलेस. मी टाळ्या वाजवल्या.

भाऊ : नको ना.

ताई : वाजवल्या मी. मुलींनाही वाजवायला लावल्या. आणि तोवर तो तिकडे पाणी गिळत होता. बरं, समजलास सोंग. चूक झाली. त्याच संध्याकाळी मला का नाही सांगितलंस?

भाऊ : दवाखान्याच्या पायऱ्यांवर सांगणारच होतो. तू माझ्या गळ्यात पडलीस आणि म्हणालीस, तू होतास म्हणून हा वाचला. त्यानंतर कसं सांगू?

ताई : त्यानंतर बावन्न आठवडे होते.

भाऊ : प्रत्येक आठवडा जास्त अवघड झाला.

ताई : सासूबाई पहिल्या दिवसापासून म्हणत होत्या, तुझ्या भावानं ऐकलं असणार. मी त्यांच्याशी भांडले. तुझ्यासाठी! माझा भाऊ तसा नाही, म्हणाले. परत असं बोलायचं असेल तर माझ्या घरात बोलू नका, म्हणाले. सहा महिने झाले, त्या पायरी चढलेल्या नाहीत. मुलाला बघायला खाली रस्त्यावर येऊन उभ्या राहतात आणि मी त्याला खिडकीशी नेते.

भाऊ : मी जातो त्यांच्याकडे. पाया पडतो.

ताई : तुझं मन हलकं होईल. माझं काय?

भाऊ : मी काही केलं नाही का गं या वर्षात? दर रविवारी येतो. त्यांना अंघोळ घालतो, दाढी करतो. मुलींना पोहायला शिकवलं.

ताई : तेच तर! मी शेजारपाजारी सांगत फिरायचे, भाऊ असावा तर असा. तू दाढी करायचास तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी यायचं. मला वाटायचं, कृतज्ञता. त्याला बोलता येत नव्हतं रे, आणि तुला ते माहीत होतं. तोंडाला साबण लावून तू त्याच्याशी क्रिकेटच्या गप्पा मारायचास.

भाऊ : मला भीती वाटायची. दर रविवारी तुमचा जिना चढताना वाटायचं, आज बोलतील. आणि नाही बोलले की… सुटल्यासारखं वाटायचं. घे. हेही सांगितलं.

ताई : ज्या हातानं सगळ्या गावाच्या फरशा बसवल्या, त्या हातात आता चमचा ठरत नाही. आणि तुला सुटल्यासारखं वाटायचं.

भाऊ : ते रागावलेत का माझ्यावर? फार?

ताई : तेही विचारलं मी. पुन्हा पंधरा मिनिटं.

भाऊ : काय म्हणाले?

ताई : ‘मी पण… नसतो… थांबलो.’

भाऊ : असं म्हणाले? खरंच? ताई, दाजी स्वतः असं म्हणाले?

ताई : बघ, तुझा चेहरा कसा खुलला.

भाऊ : नाही गं, तसं नाही—

ताई : तसंच आहे. वर्षाचं ओझं एका वाक्यात उतरलं तुझं. त्यानं माफ केलं, तू सुटलास. तुम्ही दोघं एकाच मापाचे निघालात. एका धक्क्याला आधी हात लागावा म्हणून एकमेकांना पाण्यात सोडून जाणारे. त्यातल्या एकाशी मी लग्न केलं आणि दुसऱ्याला कडेवर घेऊन वाढवलं. शनिवार-रविवार तुम्हाला डबे भरून दिले, टॉवेल धरून उभी राहिले.

भाऊ : तुला तरी कळायला हवं. जाणूनबुजून नव्हतं ते.

ताई : कळलंय. न कळता राग आला असता तर बरं झालं असतं, चार दिवसांत गेला असता. ऐक, पुढच्या रविवारपासून येऊ नकोस.

भाऊ : मुलींना काय सांगशील?

ताई : कामं वाढलीत म्हणेन. खोटं बोलायला या घरात सगळ्यांना येतं आता.

भाऊ : आणि दाजींना?

ताई : तो माझा प्रश्न आहे.

दाजी : (काठाकडून, थांबत थांबत) बे…डका! ए! पाणी… पाय… पाण्यात.

भाऊ : बोलावतायत. पाण्यात पाय सोडायचेत त्यांना. जाऊ?

ताई : मला काय विचारतोस.

भाऊ : नको म्हणालीस तर नाही जाणार.

दाजी : बेडका! चल… ना.

ताई : जा. त्याचा रविवार कशाला नासवू?

भाऊ : जातो. तिथूनच परस्पर निघेन मग. बायकोला घेतो, आणि निघतो.

ताई : थांब.

भाऊ : काय?

ताई : बुधवारी त्याला तपासणीला न्यायचंय. सकाळी नऊला.

भाऊ : मग?

ताई : तीन मजले आहेत, आणि तो माझ्या एकटीच्यानं उतरवला जात नाही.

भाऊ : आठला येतो.

ताई : साडेआठला ये. आणि माझ्याशी काही बोलू नकोस.